आधी पैशांवर तारखा घाला

पत्राचा सारांश: मी ६१ वर्षांचा असून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. पत्नी ५८ वर्षांची आहे. मला निवृत्तिवेतन मिळते, पण त्यात घरखर्च पूर्ण भागत नाही. उरलेला खर्च आयुष्यभराच्या बचतीतून भागवावा लागतो. ही सगळी बचत मुदत ठेवींत होती. एका जुन्या सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून तिचा पाचवा हिस्सा मी चार कंपन्यांच्या समभागांत गुंतवला. त्यांतली एक कंपनी म्हणजे मी जिथे २९ वर्षे नोकरी केली तीच. सात महिन्यांत ही रक्कम १८ टक्क्यांनी वाढली. ठेवींचे व्याज महागाईला पुरत नाही हे दिसत असताना उरलेली रक्कमही बाजारात का ठेवू नये, असे मला वाटते. दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो, असे सगळेच सांगतात. पत्नीचा मात्र ठाम विरोध आहे. तिला बाजारातले काही कळत नाही, तरी रोज वाद होतात. मी काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत वर्षाचा जमाखर्च पाठवलात, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ आली नाही. तुमचे खरे आकडे इथे उघड करणे योग्य नाही, म्हणून निवृत्तीच्या दिवशी तुमची पुंजी १०० हिस्से होती असे मानून लिहितो. त्यांपैकी २० हिस्से तुम्ही समभागांत घातलेत आणि ते आज साडेतेवीसच्या पुढे गेले आहेत. आठ महिन्यांचा खर्च वजा होऊन ठेवींत ७६ च्या आसपास उरले आहेत, म्हणजे एकूण बेरीज आजही १०० च्या जवळच आहे. निवृत्तिवेतनाने न भागणारा तुमचा खर्च वर्षाला ५ हिस्से आहे. तुमच्या पत्रात १८ या आकड्याचा उल्लेख चार वेळा आला आहे आणि ५ चा उल्लेख फक्त जमाखर्चाच्या तळाशी, एका ओळीत आहे. माझे सगळे उत्तर या ५ भोवती आहे.

तुमच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करतो. महागाई ६ टक्के राहिली, तर पैशाची खरेदीशक्ती १२ वर्षांत निम्मी होते. ती ४ टक्के राहिली, तरी १८ वर्षांत तेच होते. तुमच्या पत्नी ५८ वर्षांच्या आहेत आणि आणखी ३० वर्षे घर चालवावे लागेल असे धरूनच आखणी करायला हवी. इतक्या लांबच्या प्रवासात सगळी पुंजी ठेवींत ठेवणे हीसुद्धा जोखीमच आहे. ती जोखीम कुठल्याही एका दिवशी अंगावर येत नाही, म्हणून जाणवत नाही, इतकेच. त्यामुळे ‘बाजाराच्या वाटेला जाऊ नका’ असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. बाजारात काही रक्कम असायला हवी, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. सगळी रक्कम तिथे नेण्याचा तुमचा विचार मात्र मला धोक्याचा वाटतो, आणि त्याचे कारण बाजाराच्या चांगल्या-वाईटपणात शोधू नका. ते तुमच्या वयाच्या या टप्प्यात आहे.

नोकरीत असताना माणूस दर महिन्याला बचत करतो. अशा वेळी बाजार पडला, तर त्याच रकमेत जास्त समभाग पदरात पडतात आणि पुढे बाजार सावरला की त्या पडझडीचा फायदाच होतो. निवृत्तीनंतर हे चक्र उलटे फिरते. आता तुम्ही दर महिन्याला पैसे काढता. बाजार पडलेला असताना तेवढाच किराणा, तेवढेच औषधपाणी भागवण्यासाठी जास्त समभाग विकावे लागतात आणि विकलेले समभाग पुढच्या तेजीत वर येण्यासाठी तुमच्याकडे उरलेलेच नसतात. म्हणूनच एकच बाजार तिशीतल्या माणसाला आणि साठीतल्या माणसाला एकाच वर्षात वेगवेगळी फळे देतो.

हे आकड्यांत पाहू. अ आणि ब या दोघांकडे प्रत्येकी १०० हिस्से आहेत आणि दोघेही दर वर्षाच्या सुरुवातीला खर्चासाठी ६ हिस्से काढतात. अ च्या वाट्याला पाच वर्षांत अनुक्रमे उणे २५, उणे १०, अधिक १५, अधिक २० आणि अधिक २५ टक्के असा परतावा येतो. ब च्या वाट्याला हेच पाच आकडे उलट क्रमाने येतात, म्हणजे आधी तेजी आणि मग मंदी. दोघांनी काहीच काढले नसते, तर पाच वर्षांअखेर दोघांकडेही सुमारे ११६ हिस्से, म्हणजे सारखीच रक्कम असती. पण दोघेही खर्चासाठी पैसे काढत होते, त्यामुळे अ कडे ७३ उरतात आणि ब कडे जवळजवळ ९१ उरतात. दोघांनीही सारखेच समभाग निवडले होते, सारखाच खर्च केला होता आणि दोघांचा सरासरी परतावाही तोच होता. फरक पडला तो केवळ पडझड कोणत्या वर्षी आली यामुळे. निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षे म्हणूनच नाजूक असतात, आणि तुम्ही आज नेमके त्यांच्या उंबरठ्यावर उभे आहात.

‘दीर्घ मुदतीत बाजार वरच जातो’ हे वाक्य मी खोटे म्हणत नाही, पण त्यातली मुदत किती दीर्घ हे सांगणारा क्वचितच भेटतो. निर्देशांक म्हणजे अनेक कंपन्यांच्या भावांवरून बाजाराची पातळी सांगणारा एक आकडा. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता आणि जुलै १९३२ मध्ये तो ४१ वर आला. तो जुना उच्चांक पुन्हा दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. लाभांश आणि त्या काळात उतरलेले रोजच्या वस्तूंचे भाव हिशेबात धरले, तर प्रत्यक्ष भरपाई बरीच लवकर झाली होती हे खरे, पण ती होईपर्यंत खर्चासाठी दर महिन्याला समभाग विकणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मधे ३४ वर्षे गेली. १९८९ मध्ये साठीत असलेल्या जपानी माणसाला त्याच्या हितचिंतकांनी हेच वाक्य सांगितले असेल, आणि ते शेवटी खरेही ठरले, पण तोवर तो नव्वदीच्या पलीकडे गेला होता. ही उदाहरणे टोकाची आहेत हे मी जाणतो. नेहमीच्या पडझडी याहून लवकर भरून निघतात. एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने मार्च २००० चा उच्चांक मे २००७ मध्ये पुन्हा ओलांडला, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तो मार्च २००९ पर्यंत सुमारे ५७ टक्के घसरला आणि २०१३ मध्ये पुन्हा वर आला. २०२० मध्ये तो महिनाभरात ३४ टक्के पडला आणि ऑगस्टपर्यंत सावरला. पुढची पडझड यांपैकी कोणत्या जातीची असेल, हे आधी कुणालाच कळत नाही. तेव्हा आखणी अशी हवी की ती कुठल्याही जातीची आली तरी घरातली चूल थांबू नये.

इथे माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांची आठवण सांगतो. ते आता हयात नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी जवळजवळ सगळी पुंजी समभागांत ठेवली होती आणि रोज संध्याकाळी ते एका लांबट, आखलेल्या वहीत त्या दिवसाचे भाव उतरवून घेत. तारीख, कंपनीचे नाव, भाव, आणि शेवटी लाल शाईने एकूण बेरीज. त्यांच्या मुलाने ती वही पुढे मला दाखवली. २००७ च्या पानांवर अक्षर मोठे आणि मोकळे आहे, बेरजेखाली दोन ठळक रेघा आहेत. २००८ च्या उत्तरार्धात अक्षर बारीक होत जाते, काही दिवस बेरीजच केलेली नाही, आणि बेरजेच्या जागी शिसपेन्सिलीने ‘या महिन्याचा खर्च’ असे लिहून एकेका कंपनीच्या नावापुढे विकलेल्या समभागांची संख्या टाकली आहे. ती संख्या दर महिन्याला वाढत जाते, कारण तेवढाच खर्च भागवायला जास्त विकावे लागत होते. मार्च २००९ च्या पहिल्या आठवड्यात एका पानावर दोनच शब्द आहेत, ‘सर्व विकले’. पुढची पाने कोरी आहेत. एस अँड पी ५०० ने त्या पडझडीचा तळ गाठला तो ९ मार्चला.

त्या गृहस्थांना मी उतावळे म्हणणार नाही. त्यांनी दीड वर्ष दात-ओठ खाऊन कळ काढली होती. त्यांच्या कंपन्याही वाईट नव्हत्या, त्यांतल्या बहुतेक पुढे सावरल्या. चूक एवढीच होती की पुढच्या महिन्याचा किराणा आणि वीस वर्षांनंतरचे म्हातारपण हे दोन्ही त्यांनी एकाच खात्यावर सोपवले होते. धीर हा माणसाच्या स्वभावातून येतो असे आपण समजतो, पण माझा अनुभव असा की तो बाजूला ठेवलेल्या पैशांतून येतो. ज्याच्याकडे पुढच्या सात वर्षांचा खर्च वेगळा आहे, त्याला पडलेल्या बाजाराकडे पाहत शांत बसता येते. ज्याच्याकडे तो नाही, त्याला जगातल्या कुठल्याही थोर गुंतवणूकदाराचे वचन ऐकवून उपयोग होत नाही.

म्हणून तुम्हाला माझे पहिले सांगणे असे, की कुठला समभाग घ्यावा हा विचार करण्याआधी आपल्या पैशांवर तारखा घाला. एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक हिश्श्यापुढे तो कधी लागणार आहे ते लिहा. तुमच्या जमाखर्चावरून मी हे करून पाहिले. वर्षाला ५ हिस्से या हिशेबाने पुढच्या सात वर्षांचा खर्च ३५ हिस्से होतो. खर्च दरवर्षी वाढेल, पण ठेवींवर व्याजही मिळेल आणि ही दोन्ही साधारण एकमेकांना कापतील असे धरले आहे. सात वर्षे हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. वर सांगितलेल्या २००० ते २००७ या काळाइतकी लांब मंदी पुन्हा आली, तरी तुम्हाला एकही समभाग नाइलाजाने विकावा लागू नये, हा त्यामागचा विचार आहे. हे ३५ हिस्से ठेवींतच राहावेत, आणि त्यांच्या मुदती अशा लावाव्यात की दरवर्षी एक ठेव पिकेल. आजारपण आणि घराची मोठी दुरुस्ती यांसाठी आणखी १० हिस्से लगेच मोडता येतील अशा ठेवीत असावेत. त्यानंतरचे १५ हिस्से आठव्या ते दहाव्या वर्षासाठी आहेत आणि ते लांब मुदतीच्या ठेवींत किंवा सरकारी रोख्यांत शोभतात. हे झाले ६०. उरलेल्या ४० हिश्श्यांवर पडणारी तारीख दहा वर्षांपलीकडची आहे. बाजारात जायचे ते याच पैशांनी.

तुमच्या समभागांची किंमत आज साडेतेवीसच्या पुढे आहे. म्हणजे ४० पर्यंत जाण्यासाठी तुम्हाला आणखी जेमतेम १६ हिस्से बाजारात न्यायचे आहेत, ७६ नाहीत. हे १६ एका दिवशी नेऊ नका. दर तीन महिन्यांनी २ हिस्से या गतीने ते दोन वर्षांत जातील. एकरकमी गुंतवणूक केली तर बाजार चढत असताना थोडा जास्त फायदा होतो हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही अजून एकही मोठी पडझड पाहिलेली नाही. ती या दोन वर्षांत आलीच, तर निम्मी रक्कम हाताशी असताना ती पाहणे तुम्हाला सोपे जाईल. पुढे बाजार चांगला वधारला आणि समभागांचा वाटा ४० च्या वर गेला, की वरचा भाग विकून पिकलेल्या ठेवीच्या जागी नवी ठेव करावी. बाजार पडलेला असेल त्या वर्षी समभागांना हात लावू नये आणि ठेवींवरच घर चालवावे. साठवलेले सात वर्षांचे पाणी कामी येते ते अशाच वेळी.

आता त्या ५ कडे वळतो. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या १९२६ पासूनच्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला होता. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या साधारण ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम फक्त महागाईइतकी वाढवायची, असे केले तर इतिहासातल्या वाईट काळात निवृत्त झालेल्यांचीही पुंजी ३० वर्षे पुरली असती, असे त्यांना दिसले. त्यांच्या हिशेबात समभागांचा वाटा ५० ते ७५ टक्के होता, आणि तो फार कमी ठेवला तर पुंजी लवकर संपते असेही आढळले होते. हा नियम दगडावरची रेघ नाही. तो एका देशाच्या एका कालखंडावर बेतलेला आहे. तरीही वर्षाला ५ टक्के काढणे हे जरा चढेच आहे, हे त्यावरून कळते. साधा हिशेब करून पाहा. महागाई वजा जाता पुंजीवर काहीच परतावा मिळाला नाही, तर ५ च्या गतीने ती २० वर्षे पुरते आणि ४ च्या गतीने २५ वर्षे. महागाईच्या वर सरासरी २ टक्के मिळाले, तर ५ च्या गतीने ती साधारण २५ वर्षे पुरते, पण ४ च्या गतीने ३४ वर्षांपर्यंत जाते. वर्षाच्या खर्चातला एक हिस्सा कमी करण्याने तुमच्या पुंजीचे आयुष्य जवळजवळ नऊ वर्षांनी वाढते. चांगल्यातला चांगला समभाग शोधण्यात तुम्ही जो वेळ घालवणार आहात, त्यातला थोडा आधी जमाखर्चावर घालवा. तुमच्या यादीत अशा दोन नोंदी आहेत की ज्या एक-दोन वर्षे पुढे ढकलता येतील. त्यांवर मी पेन्सिलीने खूण करून कागद परत पाठवत आहे.

बेंगेन यांच्याइतका ५० टक्क्यांचा वाटा मी का सुचवला नाही, असे तुम्ही विचाराल. तुम्ही अजून चढता बाजारच पाहिला आहे आणि माणसाला आपली सहनशक्ती किती आहे हे पडत्या बाजारातच समजते, म्हणून. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला बरेच जास्त होते. एक मोठी पडझड तुम्ही दोघांनी न डगमगता पार केलीत, तर त्यानंतर हा वाटा ५० पर्यंत नेण्याचा विचार जरूर करा.

तुमच्या चार कंपन्यांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायला हवे, कारण पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट मला तिथे दिसते. २९ वर्षे जिथे काढली त्या कंपनीवर तुमचा जीव आहे, तिथली माणसे तुम्हाला माहीत आहेत, आणि म्हणून तिचे समभाग तुम्हाला सुरक्षित वाटतात. अमेरिकेतल्या एनरॉन या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाही असेच वाटत होते. त्यांच्या निवृत्ती खात्यांतली निम्म्याहून अधिक रक्कम एनरॉनच्याच समभागांत होती. ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास असलेला तो समभाग डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा एका डॉलरच्याही खाली गेला होता. हजारो माणसांची नोकरी आणि म्हातारपणाची शिदोरी एकदमच गेली, आणि ती आतली माणसे होती, रोज त्याच इमारतीत बसणारी. आपल्या कंपनीबद्दलची आत्मीयता ही तिच्या ताळेबंदाबद्दलची माहिती नसते. तुमचे निवृत्तिवेतनही जर त्याच कंपनीच्या निधीतून येत असेल, तर एकाच दोरीला तुम्ही दोन घागरी बांधल्या आहेत. त्या कंपनीचे समभाग सर्वांत आधी विका. नफ्यात आहेत तोवर विकणे मनाला सोपे जाते.

उरलेल्या तीनपैकी दोन कंपन्या एकाच व्यवसायातल्या आहेत, म्हणजे त्या व्यवसायावर संकट आले तर दोन्ही एकदम पडतील. माझा सल्ला असा की याही हळूहळू विकून ती रक्कम निर्देशांक फंडात न्यावी. निर्देशांकात जितक्या कंपन्या, तितक्या सगळ्या हा फंड ठरलेल्या प्रमाणात विकत घेतो आणि कुठली निवडावी याचा खटाटोपच करत नाही. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड सुरू केला तेव्हा त्यांना बरेच टोमणे ऐकावे लागले होते. आज जगभर लोक याच मार्गाने निवृत्तीसाठी साठवतात. एखादी कंपनी बुडाली, तर या फंडाच्या अंगावर ओरखडा उठतो, घाव बसत नाही. शक्य असल्यास एका देशाच्या निर्देशांकावरही सगळा भार टाकू नये. निक्केईची ३४ वर्षे आठवली की याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

फंड निवडताना सर्वांत आधी त्याचे वार्षिक शुल्क वाचा. ८ टक्के परतावा मिळवणाऱ्या फंडात १०० हिस्से २५ वर्षे ठेवले आणि शुल्क ०.२ टक्के असले, तर त्यांचे सुमारे ६५४ होतात. शुल्क २ टक्के असले, तर ४२९ होतात. मधले २२५ हिस्से तुमच्या पुंजीतून दरवर्षी थोडे-थोडे करून गेलेले असतात आणि त्याची पावती कधीच तुमच्या हाती पडत नाही.

सात महिन्यांत मिळालेल्या १८ टक्क्यांचे तुम्हाला अप्रूप वाटते, ते स्वाभाविक आहे. पण त्या सात महिन्यांत एकूण बाजार किती वाढला, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुधा पाहिलेलेही नाही. तो १५ टक्के वाढला असेल, तर तुमच्या निवडीचा वाटा फक्त ३ टक्क्यांचा, आणि तेवढासा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या संशोधकांनी १९९१ ते १९९६ या काळातल्या अमेरिकेतल्या ६६ हजारांहून अधिक कुटुंबांचे व्यवहार तपासले होते. बाजाराने त्या काळात वर्षाला १७.९ टक्के दिले आणि सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के आले. सुरुवातीच्या नफ्याने हात सैल होतो आणि व्यवहार वाढतात. हे तुमच्या बाबतीत होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कर्ज काढून समभाग घेणे, फ्युचर्स-ऑप्शन्सचे (पुढच्या तारखेच्या भावांवर बेतलेल्या करारांचे) व्यवहार, आणि कुणी ‘हमखास’ परतावा देऊ करत असेल तर तो, या तीन गोष्टींना निवृत्त माणसाने हात लावू नये. तुमच्या सहकाऱ्याने यांपैकी दुसरीचा विषय काढल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यांना नम्रपणे नकार द्या.

आता तुमच्या पत्नींविषयी. त्यांना बाजारातले काही कळत नाही असे तुम्ही लिहिलेत, ते वाचून मी थोडा थांबलो. तुमच्या जमाखर्चातला प्रत्येक आकडा कुणी सांभाळला असेल याचा विचार करा. वर्षाला ५ हिस्से कमी पडतात हे ज्या वहीवरून कळले, ती वही त्यांच्या हस्ताक्षरात आहे असे तुम्हीच लिहिले आहे. पुढच्या महिन्याचा खर्च कुठून येणार, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्या गृहस्थांच्या लांबट वहीत नेमका त्याच प्रश्नाला उत्तर नव्हते. त्यांच्या विरोधाला तुम्ही अडाणीपणा समजलात, मला त्यात या घरातला सर्वांत उपयोगी हिशेब दिसतो. शिवाय वयाचा विचार करता, उद्या ही पुंजी एकट्याने सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर येण्याची शक्यता जास्त आहे. तेव्हा कुठल्या खात्यात काय आहे, कुठली ठेव कधी पिकते, वारस म्हणून कुणाची नोंद आहे आणि कठीण वेळी कुणाला फोन करायचा, हे सगळे त्यांना आजच ठाऊक असायला हवे. जी गुंतवणूक तुम्हाला त्यांना दहा मिनिटांत समजावून सांगता येत नाही, ती करू नका. निर्देशांक फंड आणि दरवर्षी पिकणाऱ्या ठेवी एवढ्या वेळात नक्की समजावून सांगता येतात.

तारखांचा तो कागद तुम्ही एकट्याने करू नका, त्यांच्यासोबत बसून करा. पहिले ३५ हिस्से त्यांनीच लिहावेत. सात वर्षांचे घर सुरक्षित आहे हे त्यांना आकड्यांत दिसले, की उरलेल्या ४० बद्दलचे बोलणे वेगळ्या सुरात होईल असा माझा अंदाज आहे. आणि तरीही त्यांना ४० जास्त वाटले, तर ३० वर थांबा. कागदावर थोडा कमी परतावा दिसेल, पण पडझडीच्या महिन्यात जे दोघांना पेलवेल तेच प्रमाण टिकते, आणि जे टिकत नाही ते शेवटी तळाशी विकले जाते.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की भाव दिवसातून किती वेळा पाहावेत. फोनवरचे भाव दाखवणारे ॲप काढून टाका. वर्षातून दोन दिवस ठरवा, एक ठेव पिकते त्या आठवड्यातला आणि दुसरा त्यानंतर सहा महिन्यांनी. त्या दिवशी दोघांनी बसून समभागांचा वाटा ४० च्या किती वर किंवा खाली आहे ते पाहावे, जे करायचे ते करावे आणि वही मिटावी. माजी कंपनीचे समभाग विकण्यासाठी मात्र त्या दिवसाची वाट पाहू नका, ते या महिन्यातच विका.